टकटककाकांच्या कपाटाचं कुलूप

हॅलोमावशी म्हणे लोकांची घरं फोडायला लागल्या आहेत, अशी बातमी आमच्या इमारतीत पसरली, तेव्हा निम्म्या बिऱ्हाडांनी आधी आपापली कुलपं चाचपून पाहिली आणि मगच बातमीवर विश्वास ठेवायचा की नाही याचा विचार केला. बातमी निघाली तळमजल्यावरच्या शिवणबाईंच्या दुकानातून. कुरिअरवाल्यानं मावशींचं पुडकं त्यांच्याकडे ठेवलं होतं. पुडक्याचा कोपरा फाटलेला होता. तो आपोआप फाटला असं शिवणबाई आजही छातीठोकपणे सांगतात. आत काळ्या चामड्याची घडीची पिशवी होती आणि तिच्यात ओळीनं खोचलेली बारीक पोलादी हत्यारं. कोणी म्हणालं, दात कोरायची असतील. त्यावर शिवणबाईंनी विचारलं, "मग सोबत काचेसारखं आरपार दिसणारं कुलूप कशाला पाठवलंय?" दुसऱ्या मजल्यावर बातमी पोचली तेव्हा मावशींची टोळी झाली होती, आणि गच्चीवर पोचेपर्यंत टोळीनं एक गाडीसुद्धा घेतली होती.

खरं सांगायचं तर मावशी कुलपं उघडायच्या, पण स्वतःची. तीही भर दुपारी, गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसून, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि मांडीवर जुना टॉवेल घेऊन. टोळीत त्या एकट्याच. आणि गाडीचं म्हणाल तर त्यांना सायकलसुद्धा येत नव्हती.

मावशींना हॅलोमावशी म्हणायचं कारण सगळ्यांना माहीत होतं. त्यांचं सगळं तारुण्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं. ज्या काळात फोन लावायचा म्हणजे आधी एका बाईशी बोलावं लागायचं, त्या काळातली ती बाई म्हणजे मावशी. उंच स्टुलांची रांग, समोर भोकाभोकांचा मोठा लाकडी बोर्ड, त्यावर लुकलुकणारे बारीक दिवे, आणि दोन्ही हातांत त्या भोकांत खोचायच्या वायरीच्या दोऱ्या. कानावरच्या पट्टीनं केसांना पडलेला खळगा घरी येऊन तेल लावलं तरी जायचा नाही. गावातलं कोण कोणाशी भांडतंय, कोणाचं लग्न मोडतंय, कोणत्या वकिलाचा आवाज कोणाशी बोलताना मऊ होतो, हे सगळं त्यांच्या कानांना ठाऊक होतं. तोंडातून मात्र कधी अवाक्षर निघालं नाही. शिवणबाईंना मावशींविषयी आदर वाटायचा तो याचसाठी, आणि रागही याचसाठी यायचा. एवढा माल गोदामात आणि दुकान कायमचं बंद!

मावशींचे यजमान म्हणजे टकटककाका. टाइपरायटर दुरुस्त करायचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं चिंचोळं दुकान होतं. आत तेलाचा आणि शाईच्या फितीचा वास, आणि दिवसभर एका बोटानं अक्षरं तपासल्याचा आवाज. एक्स्चेंजच्या ऑफिसातला टाइपरायटर साफ करायला ते यायचे, तिथेच दोघांची ओळख झाली. त्या यंत्राचं एक ना एक अक्षर सारखं अडकायचं. आज हे, तर पुढच्या खेपेला ते. मोठे साहेब वैतागून नवं यंत्र घ्यायला निघाले होते. लग्न ठरलं आणि यंत्र कसं काय कोण जाणे, एकदम खणखणीत चालायला लागलं. पुढे कितीतरी वर्षांनी काकांनी हसत हसत कबूल केलं की निघताना एक अक्षर अडकतं ठेवायची खबरदारी ते घ्यायचे. मावशी आठवडाभर बोलल्या नाहीत. पण या गोष्टीचा विषय निघाला की त्यांच्या गालाला अजून खळी पडायची.

संसार चांगला झाला. एकच गोष्ट मावशींना आयुष्यभर टोचत राहिली, ती म्हणजे मागच्या खोलीतलं काकांचं लोखंडी कपाट.

कंबरेच्या वर येणारं, गडद हिरव्या रंगाचं, एका दाराचं ते कपाट काकांनी कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून आणलं होतं. दाराला मूठ नव्हती. नुसतं कुलपाचं गोल पितळी तोंड. काकांना कपाटातलं काही हवं असलं की ते खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढायचे, त्यातली एक बारीक किल्ली कुलपात घालायचे, आणि दार उघडायचे. काम झालं की दार धप्पकन लावायचं, किल्ली काढायची, जुडगा पुन्हा खिशात. मावशी स्वयंपाकघरातून तो जुडग्याचा खुळखुळाट ऐकायच्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडायची. घरात तिसरं माणूस म्हणजे पोटची पोर. मग कुलूप लावायचं ते कोणापासून? दुसऱ्यांच्या गुपितांना आपण कधी धक्का लावला नाही, आणि आपल्याच नवऱ्याला आपला भरवसा नाही? पण विचारायचं म्हणजे कमीपणा. मावशींनी विचारलं नाही, आणि त्या कपाटाला कधी बोटही लावलं नाही. पुसायला फडकं घेतलं तरी त्या कपाटाला वळसा घालून जायच्या.

मग काका गेले. दुकानाचा ताबा देताना किल्ल्यांचा जुडगा दुकानाच्या मालकाकडे गेला, त्याच्याकडून कोणा गड्याकडे, आणि तिथून कुठे गेला ते त्या जुडग्यालाच माहीत. कपाट तसंच बंद राहिलं. लेकीनं एकदा फटीत सुरी घालून दार ओढून पाहिलं. दार कणभर हललं आणि परत चिकटलं.

"लॉक आहे गं आई."

"ते मला तू एवढीशी होतीस तेव्हापासून माहीत आहे," मावशी म्हणाल्या.

लेकीच्या आग्रहानं कोपऱ्यावरचा किल्लीवाला आला. गडी तसा कामसू, पण जिभेला हाड नाही. त्यानं दार ओढून पाहिलं, कुलपात टॉर्च मारला, नाक मुरडलं.

"जुनं परदेशी कुलूप आहे मावशी. ड्रिल मारतो. चहा उकळेपर्यंत मोकळं."

"ड्रिल नको."

"का?"

"फोडायचं नाहीये मला. उघडायचंय."

"अहो, फोडलं काय, उघडलं काय, आतला माल तोच ना?"

"तुझ्या लेखी."

किल्लीवाल्यानं पिशवीचं तोंड बांधलं. "मग बसा स्वतःच कान लावून. परदेशात लोक म्हणे हौसेनं बसतात. कुलपं आणायची, सळीनं उघडायची, परत लावायची. मंडळं काढलीत त्यांनी, मंडळं!"

तो चेष्टेनं बोलला होता. मावशींनी मनावर घेतलं. हातांना काम नसलं की माणसाला काय काय सुचतं! एक्स्चेंजमधल्या दोऱ्या सुटून किती काळ लोटला होता, तरी जेवताना त्यांची बोटं ताटाच्या कडेवर काहीतरी जोडत-तोडत असायची. कोणीतरी पहिल्यांदाच त्या बोटांसाठी काम सुचवलं होतं. मग ते पुडकं आलं, आणि पुढचं रामायण शिवणबाईंनी केलं.

चामड्याच्या पिशवीतली हत्यारं दिसायला झकास होती. आकडे, अर्धे आकडे, करवतीसारख्या दातांच्या पट्ट्या, टोकाला थेंबासारखा गोळा असलेल्या सळ्या. मावशी ती घेऊन किल्लीवाल्याच्या टपरीवर गेल्या. त्यानं एकेक उचलून पाहिलं आणि खो खो हसला.

"यातली दोन वापराल, मावशी. बाकीची पाहुण्यांना दाखवायला."

"कुठली दोन?"

"हा छोटा आकडा आणि ही वळवायची पट्टी. पट्टीनं कुलपाचा गाभा हलकेच वळवत राहायचा आणि आकड्यानं आतल्या पिना एकेक करून वर सारायच्या. सगळ्या बसल्या की गाभा फिरतो. एवढंच शास्त्र. करवती मात्र लांब ठेवा. त्या नुसत्या आत-बाहेर खरडायच्या, नशिबानं उघडलं तर उघडलं. त्यात शिकण्यासारखं काही नाही."

"आणि नियम?"

"नियम?" तो चपापला, कारण हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. थोडा विचार करून म्हणाला, "कुलूप आपलं असेल तरच हात लावायचा. आणि आपलं असलं तरी रोजच्या वापरातलं असेल तर नाही लावायचा, बिघडून बसतं."

मावशींनी हे नियम असे पाळले, की वरच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा बनियनवर दाराबाहेर अडकले आणि मावशींच्या हातापाया पडले, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. "कुलूप तुमचं. किल्लीवाला कोपऱ्यावर," एवढं सांगून त्यांनी गृहस्थांना खुर्ची दिली आणि काकांचा एक जुना शर्ट दिला. गृहस्थ किल्लीवाला येईपर्यंत तो शर्ट घालून, ओठ फुगवून बसले होते.

किल्लीवाल्यानं बेवारस कुलपांचा एक डबाच मावशींना देऊन टाकला. आरपार दिसणारं कुलूप त्यांनी पहिल्याच दुपारी उघडलं आणि आनंदानं शिवणबाईंना हाक मारली. शिवणबाई खालूनच म्हणाल्या, "आतलं सगळं दिसत असताना उघडण्यात कसलं कौतुक?" मावशींना पटलं. त्यांनी ते कुलूप कपाटात टाकलं, म्हणजे आपल्या स्वतःच्या कपाटात, आणि डब्यातलं गंजकं पितळी कुलूप हातात घेतलं.

ते काही केल्या उघडेना. पुष्कळ दुपारी वाया गेल्या. वळवायची पट्टी वाकली, आकड्याचं टोक मोडलं, अंगठ्याला घट्टा पडला. शेवटी किल्लीवाला मुद्दाम घरी आला, बाजूला बसला आणि त्यांच्या हाताकडे पाहत राहिला.

"मावशी, तुम्ही कुलपाचा गळा दाबताय."

"म्हणजे?"

"पट्टीवर एवढा जोर? झोपलेल्या मांजराच्या पाठीवर हात ठेवतो ना, तेवढाच ठेवायचा. पिन बसली की ती तुम्हाला सांगते. तुम्ही तिला बोलूच देत नाही."

एक्स्चेंजची सवय नडत होती. तिथे दोरीचं टोक भोकात खसकन दाबायचं, ढिलं राहिलं तर बोलणं तुटायचं. सगळी उमर घट्ट दाबण्यात गेली, आता सैल धरायचं शिकायचं होतं. पण सांगणं कानावर येणं हे तर मावशींचं बारा महिन्यांचं काम. त्यांनी हात सैल सोडला, डोळे मिटले, आणि आकड्याच्या दांड्यातून एक बारीकशी टिचकी बोटात आली. मग दुसरी. गंजकं कुलूप अंग झटकून उघडलं.

"हॅलो!" मावशी मोठ्यांदा म्हणाल्या. सवयच ती.

त्यानंतर त्यांना वेडच लागलं. विकतचे आकडे त्यांना जाड वाटायला लागले. दांडा जाड असला की बारीक कुलपात तो वळायला जागाच उरत नाही, आणि फार पातळ असला की वाकतो, मग पिनेचं सांगणं बोटापर्यंत येत नाही. केसातली पिन पहिल्याच झटक्यात बाद झाली. छत्रीची काडी बरी होती पण गोल, हातात फिरायची. मग कोणा टॅक्सीवाल्यानं टाकून दिलेल्या वायपरच्या रबरात दडलेली लांब पोलादी पट्टी त्यांना सापडली. लवचिक, सपाट, हवी तेवढी पातळ. ती त्यांनी दगडावर पाणी टाकत टाकत घासली, पॉलिश पेपरनं गुळगुळीत केली, टोकाला अंदाजानं वाक दिला. दांड्याला शिवणबाईंकडून सुती पट्टी गुंडाळून घेतली. शिवणबाईंनी पट्टी शिवली, पण बोलल्याशिवाय सुई हातातून ठेवली नाही.

"चोराची हत्यारं शिवतेय मी. उद्या पोलीस आले तर तुमचं नाव सांगेन हां मावशी."

"सांग की. मी म्हणेन, शिवण तुझी आहे, कापड ओळखा."

मावशी दवाखान्यात जाताना पर्समधून कुलूप न्यायच्या. नंबर येईपर्यंत बसल्या बसल्या उघडत राहायच्या. शेजारचे पेशंट हळूच दोन खुर्च्या पलीकडे सरकायचे. डॉक्टरांनी एकदा रक्तदाब बघून विचारलं, "हल्ली काही औषध बदललंत का?" मावशी म्हणाल्या, "नाही, कुलूप बदललं."

मागच्या खोलीतल्या हिरव्या कपाटाकडे मात्र त्या वळत नव्हत्या. किल्लीवाल्यानं छेडलं, "आता हात बसलाय. उघडा की ते."

"ते माझं कुठे आहे?"

"नवरा गेला. मग कपाट कोणाचं?"

"त्यांनी जितेपणी कधी उघडून दिलं नाही मला. मेल्यावर माझं कसं झालं? नियम तूच सांगितलास."

किल्लीवाल्याला नियम सांगितल्याचा पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

पण मागच्या खोलीची फरशी उखडली होती. लेकीनं पुढच्याच सोमवारचे फरशीवाले ठरवले. कपाट आतल्या वजनासकट हलत नव्हतं, आणि रिकामं करायचं तर उघडायला हवं. लेकीनं फोनवर सरळ सांगून टाकलं, "रविवारी संध्याकाळी मी येते. तोवर उघडलंस तर छान. नाहीतर येताना कटरवाल्याला घेऊन येते. दार कापू, काम संपलं."

मावशींनी रिसीव्हर जागेवर ठेवला. कपाट गेलं तर दुःख नव्हतं. पण कापून उघडलं तर आतलं सामान तेवढं कळणार होतं. हा माणूस आपल्यापासून ते का लपवत होता, हे कळायचं राहून गेलं असतं. आपल्या हातानं उघडलं, तर कुलूप निदान काही सांगेल तरी. रविवारी दुपारी जेवण आवरल्यावर त्यांनी टॉवेल, चष्मा, वळवायची पट्टी आणि वायपरचा आकडा घेतला, आणि मागच्या खोलीत जाऊन कपाटासमोर पाट मांडला.

"अहो, हात लावतेय हं," त्या कपाटाला म्हणाल्या. "रागवायचं असेल तर आत्ताच रागवा."

शिवणबाई दारात उभ्या होत्याच. निमित्त होतं कापड मोजायची पोलादी पट्टी परत मागायचं. ती पट्टी मावशींनी कधी नेलीच नव्हती, ती शिवणबाईंच्या स्वतःच्या हातात होती.

"बस आता तिथे. पण तोंड बंद," मावशी म्हणाल्या.

जुन्या कुलपाच्या पिना गोड होत्या. तेल अजून सुकलेलं नव्हतं. काकांनी शेवटपर्यंत घातलं असणार. एक पिन बसली, मग लगेच दुसरी. मधली आडमुठी होती, तिला दोनदा सोडून परत यावं लागलं. मावशींनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते, जणू कोणाला तरी लाइनवर थांबायला सांगत होत्या. शिवणबाईंनी आयुष्यात प्रथमच एवढा वेळ श्वास रोखून धरला.

गाभा फिरला. आतून खट्ट असा भरीव आवाज आला.

"उघडलं!" शिवणबाई ओरडल्या. "उघडलं मावशी, उघडलं!"

त्यांनी पुढे होऊन फटीत पोलादी पट्टी घातली आणि दार ओढलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं. मघापर्यंत हात लावला तरी कणभर डगडगणारं दार आता भिंतीसारखं गप्प उभं होतं.

"अडकलंय. थांबा, मी त्या किल्लीवाल्याला आणते."

"थांब," मावशी म्हणाल्या.

त्या पाटावर तशाच बसून राहिल्या. आकडा हातात, नजर कुलपाच्या पितळी तोंडावर. तो आवाज त्यांच्या कानात पुन्हा पुन्हा वाजत होता. एक्स्चेंजच्या बोर्डावर जिनं जन्म काढला तिला दोन आवाजांतला फरक झोपेतसुद्धा कळतो. दोरीचं टोक भोकातून निघतं तेव्हा आवाज पोकळ येतो. आत बसतं तेव्हा भरीव. आत्ता आला तो भरीव होता. सुटल्याचा नव्हता, जोडल्याचा होता. कुलपाची जीभ चौकटीतून बाहेर आली नव्हती. ती चौकटीत शिरली होती.

"लावलं मी," मावशी हळूच म्हणाल्या.

"काय लावलं?"

"कुलूप लावलं. आत्ता. मी." त्यांनी आकडा मांडीवरच्या टॉवेलवर ठेवला. "ते उघडंच होतं."

शिवणबाईंना काही कळलं नाही. पण मावशींचा चेहरा पाहून त्यांनी चक्क आपण होऊन पाणी आणून दिलं, आणि पाणी देताना एक शब्द बोलल्या नाहीत. शिवणबाईंना ओळखणाऱ्यांना यावरून प्रसंगाची कल्पना येईल.

संध्याकाळी लेक आली. कटरवाल्याला तिनं सोबत आणलं होतं, त्याला खाली उभं केलं. आईला पाटावर बसलेली पाहून तिला आधी भलतंच वाटलं. मग तिनं सगळं ऐकून घेतलं.

"उघडं कसं असेल आई? बाबा तर रोज किल्ली लावायचे."

"हो ना. मीही तेच ऐकत आले."

लेकीनं दारावरून हात फिरवला. मग तिनं कपाळावरचे केस बाजूला सारले. भुवईच्या वर एक जुनी, पुसट खूण होती.

"ही कशानं झाली, आठवतं तुला?"

"पडली होतीस. माझी ड्यूटी होती तेव्हा."

"पडले ती याच्यावर. याला तेव्हा मूठ होती, पुढे आलेली, टोकदार. बाबांनी त्याच संध्याकाळी ती काढून टाकली. मग दार धरायला काही उरलंच नाही. म्हणून ते किल्ली आत घालून जराशी वळवायचे, म्हणजे ती अडकून राहायची, आणि तिलाच धरून दार ओढायचे. किल्लीची मूठ केली होती त्यांनी. मूठ काढल्याचं तुला माहीत असेल असं वाटायचं मला. किल्लीचं मात्र मलाही आत्ता उमगतंय."

"मला कोण सांगणार?" मावशी म्हणाल्या. "मी तर विचारायचीच नाही."

आणि मग त्यांना एकेक आठवायला लागलं. "कात्री कपाटात आहे गं, घे," काका म्हणायचे. "टॉर्चचे सेल तिथेच आहेत, काढून घे." मावशींना वाटायचं, कुलूप लावून वर टोमणे मारतायत. त्या म्हणायच्या, "तुमच्या कपाटाला कोण हात लावतंय?" काका हसायचे. बायकोला टाइपरायटरच्या तेलाचा वास सोसत नाही, एवढाच अर्थ ते काढायचे. मावशी बाजारात जाऊन नवी कात्री आणायच्या. नवे सेल आणायच्या. एकाच घरात दोघं, आणि मध्ये एक कपाट, जे दोघांच्याही मते दुसऱ्याचं अडेलपण होतं.

आता लावलेलं कुलूप उघडायला हवं होतं, आणि ते उलट्या बाजूला वळवून. उलट्या बाजूला पिना वेगळ्याच क्रमानं बोलतात. मघाची गरीब पिन आता हट्टाला पेटली. पहिल्या खेपेला मावशींचा जोर वाढला, सगळं निसटलं. लेकीनं खालच्या कटरवाल्याकडे पाहिलं. मावशींनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं खिडकीतून हात हलवून कटरवाल्याला जायला सांगितलं.

दिवा लावायची वेळ झाली होती. मावशींनी दिवा लावू दिला नाही. बघायचं काही नव्हतंच. झोपलेल्या मांजराच्या पाठीवर ठेवावा तसा हात त्यांनी वळवायच्या पट्टीवर ठेवला आणि वाट पाहिली. पिना एकेक करून बसत गेल्या. या वेळी आवाज आला तो पोकळ.

"सुटलं," मावशी म्हणाल्या.

तरी दार उघडेना. लेक हसायला लागली. "थांब, बाबा पायाचा अंगठा खाली घालून उचलायचे. बिजागरी उतरली होती." तिनं चप्पल काढली, दाराखाली अंगठा घातला आणि उचललं. शिवणबाईंनी फटीत पोलादी पट्टी घातली. मावशींनी ओढलं. धूळ जाऊ नये म्हणून काकांनी आतून चारी बाजूंनी जाड लोकरी पट्टी चिकटवली होती. ती कुरकुरली आणि दार उघडलं.

तेलाचा वास आला. टाइपरायटरचा, शाईच्या फितीचा, त्या चिंचोळ्या दुकानाचा. मावशींनी एरवी नाकाला पदर लावला असता. आज नाही लावला.

आत अक्षरांचे सुटे खिळे होते, डब्यांत वेगवेगळे लावलेले. स्प्रिंगा, ब्रश, तेलाची लांब नळीची कुपी. वरच्या खणात मात्र काकांच्या धंद्याचं काही नव्हतं. तिथे कात्री होती, चांगली, शिवणबाईंनी पाहिल्या पाहिल्या हात पुढे केला अशी. टॉर्चचे सेल, मेणबत्त्या, सुईदोरा, नाड्या, बटणं, मोजायची टेप, बाटल्यांची झाकणं उघडायचा चिमटा, बल्ब. म्हणजे मावशींनी आयुष्यभर बाजारातून दुसऱ्यांदा आणलेलं एकूणएक. सगळं वरच्या खणात, मावशींना वाकावं लागू नये एवढ्या उंचीवर. स्वतःच्या वस्तूंसाठी मात्र काकांना रोज खाली वाकावं लागत असणार.

मावशींनी कात्री उचलली, पदराला पुसली, बोटं घालून एकदा हवेत चालवली. मग डोळेही पुसले, पण कात्रीच्या आधी की नंतर, यावर लेकीचं आणि शिवणबाईंचं अजून एकमत नाही.

शिवणबाईंना फार वेळ गप्प बसवत नाही. लेक चहा ठेवायला आत गेली तशी त्यांनी गळा साफ केला आणि सुरू झाल्या, "पण मावशी, राग मानू नका हां. एवढे महिने शिकलात. बोटं सोलून घेतलीत, दवाखान्यातले पेशंट पळवून लावलेत, माझ्याकडून हत्यारं शिवून घेतलीत. आणि केलंत काय? उघडं कपाट तेवढं बंद करून दाखवलंत!"

मावशींनी कात्री खाली ठेवली नाही.

"बंद करता आलं म्हणून तर कळलं ना गं, की उघडं होतं. आणि ती कात्री बघून पुढे केलेला हात आधी मागे घे."